रायगड किनारपट्टीवरील भाड्याचे घर : सार्वजनिक वाहतूक आणि मर्यादित भाडेवाढ

सारांश

रायगड जिल्ह्याच्या उत्तर किनारपट्टीवर, म्हणजे पनवेल, उरण व अलिबाग या तालुक्यांत, गेल्या काही वर्षांत वाहतुकीची साधने झपाट्याने वाढली. त्याबरोबर घरभाडेही वाढले. स्थानकाजवळचे आणि भाडेवाढ मर्यादित असलेले घर मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला कसे मिळू शकते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. भाडे नियंत्रण कायद्यातील चार टक्के वाढीची तरतूद आजच्या बहुसंख्य भाडेव्यवहारांना लागू पडत नाही. म्हणून भाडेवाढीवरील मर्यादा कराराच्या वेळीच लिहून घ्यावी लागते. तसेच घराचे भाडे आणि प्रवासखर्च यांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो, असे प्रतिपादन येथे करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : घरभाडे, लिव्ह अँड लायसन्स करार, सार्वजनिक वाहतूक, रायगड किनारपट्टी, भाडे नियंत्रण कायदा.

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मूलभूत गरजांपैकी निवाऱ्याचा प्रश्न शहरीकरणाबरोबर अधिक बिकट होत जातो. घर विकत घेण्याची ऐपत नसणाऱ्यांना भाड्याच्या घरावाचून पर्याय नसतो. बंदरातील कामगार, गोदामातील कारकून, रुग्णालयातील परिचारिका, शाळेतील शिक्षक, नव्याने नोकरीला लागलेले तरुण जोडपे या सर्वांचा यात समावेश होतो. त्यांच्यापुढे एकाच वेळी दोन प्रश्न उभे असतात. घर कामाच्या ठिकाणी नेणाऱ्या गाडीपासून किती अंतरावर आहे, हा पहिला. आणि पुढील वर्षी त्याच घरात राहणे परवडेल काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर घर पाहताना मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बहुधा करार संपण्याच्या महिन्यातच कळते, आणि तोवर मुलाची शाळा ठरलेली, गॅसची जोडणी झालेली व शेजार जुळलेला असतो. भाडेकरूची खरी अडचण येथे आहे.

उद्दिष्टे

१) रायगड किनारपट्टीवरील भाड्याच्या घरांची पार्श्वभूमी समजून घेणे.
२) वाहतुकीच्या साधनांचा घरभाड्याशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) भाडेवाढीसंबंधी कायद्याची स्थिती मांडणे.
४) घर निवडताना उपयुक्त ठरणारी व्यावहारिक पद्धत सुचविणे.

भाड्याच्या घरांची पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार रायगड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २६ लाख होती. त्यांपैकी साडेसात लाखांच्या आसपास लोक एकट्या पनवेल तालुक्यात राहत होते. ही दाटी अचानक झालेली नाही. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन संपादित करण्याचे ठरले. भातशेती, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांची उपजीविका त्यात गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४ च्या जासई परिसरातील आंदोलनात पाच जणांना हौतात्म्य आले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्यातूनच पुढे आली.

आजच्या भाडेबाजाराची मुळे या इतिहासात आहेत. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे व द्रोणागिरी या वसाहतींतील अनेक इमारती साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या आहेत. दुसरीकडे, मूळ गावठाणात व त्याच्या भोवती ग्रामस्थांनी वाढत्या कुटुंबासाठी बांधलेली, ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणून ओळखली जाणारी घरे आहेत. जमीन गेलेल्या अनेक कुटुंबांना या घरांतील दोन-चार खोल्यांचे भाडे हेच नियमित उत्पन्न आहे. त्यामुळे येथील घरमालक नेहमीच धनाढ्य असतो असे नाही. भाडेवाढीचा विचार करताना ही बाजूही ध्यानात घ्यावी लागते.

वाहतुकीची साधने आणि घरभाडे

१९९८ मध्ये हार्बर मार्ग पनवेलपर्यंत पोहोचला आणि पनवेल मुंबईच्या रोजच्या प्रवासाच्या टप्प्यात आले. नेरूळ-उरण मार्गाचा खारकोपरपर्यंतचा टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये, तर उरणपर्यंतचा टप्पा १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रोची पहिली मार्गिका १७ नोव्हेंबर २०२३ पासून चालू झाली. खारघर-तळोजे पट्ट्याला तिचा लाभ झाला. २०२४ मध्ये तिचे तिकीट कमी करून १० ते ३० रुपयांच्या दरम्यान ठेवण्यात आले. उलव्यालगतच्या नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी विमानसेवा सुरू झाली.

वाहतुकीचे साधन आले की घराची मागणी वाढते आणि मागणी वाढली की भाडे वाढते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. मात्र प्रत्येक साधन भाडेकरूला सारखेच उपयोगी पडत नाही. या दृष्टीने तीन प्रकार करता येतात.

पहिला प्रकार रोज नियमितपणे चालणाऱ्या साधनांचा. हार्बर मार्ग, मेट्रो आणि एस.टी. व नवी मुंबई परिवहन उपक्रमाच्या बसगाड्या यांत येतात. त्यांच्याजवळ राहण्यासाठी थोडे अधिक भाडे देणे हिशेबात बसू शकते. उरण मार्गही याच प्रकारात मोडतो. परंतु हार्बर मार्गाच्या तुलनेत त्यावरील गाड्या विरळ आहेत आणि मुंबईला जाण्यासाठी नेरूळ किंवा बेलापूर येथे गाडी बदलावी लागते. एक गाडी चुकली तर किती वेळ थांबावे लागते, हे वेळापत्रकात पाहिल्याशिवाय ‘स्थानकाजवळचे घर’ या शब्दांना अर्थ येत नाही.

दुसरा प्रकार भाडे वाढविणाऱ्या, पण सामान्य प्रवाशाला फारशा उपयोगी न पडणाऱ्या साधनांचा. शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. त्यावर दुचाकी व रिक्षा यांना मनाई आहे. सुरुवातीलाच मोटारीसाठी एकेरी पथकर २५० रुपये ठरविण्यात आला. सेतूवरून काही बसगाड्या धावतात. तथापि ज्याच्याकडे मोटार नाही आणि ज्याच्या कामाच्या वेळा त्या बसशी जुळत नाहीत, त्याला सेतू केवळ दुरून दिसतो. उलवे किंवा चिर्ले परिसरात घर घेताना सेतूच्या नावाने मागितलेले जादा भाडे अशा कुटुंबाने का द्यावे, हा प्रश्न विचारणे रास्त आहे.

तिसरा प्रकार ऋतू व भरती-ओहोटीवर अवलंबून असणाऱ्या साधनांचा. मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचला गाळ व ओहोटी यांमुळे अडचण येते. गेटवे ते मांडवा ही लाँचसेवा पावसाळ्यात बंद असते. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाल्याने अलिबागकरांना मोठा आधार मिळाला, तरी खवळलेल्या समुद्रापुढे तिलाही थांबावे लागते. करंजा व रेवस यांमध्ये खाडी आडवी असल्याने उरण व अलिबाग हे समोरासमोरचे तालुके आजही तरीने जोडलेले आहेत. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणहून थळच्या खत कारखान्याकडे गेलेला लोहमार्ग मालवाहतुकीसाठी आहे. म्हणून अलिबागच्या नोकरदाराने एस.टी. स्थानकापासूनचे अंतर मोजणे अधिक शहाणपणाचे ठरते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या प्रवासात ५० टक्के सवलत मिळते. घरातील स्त्री नोकरीसाठी एस.टी.ने जात असेल, तर या सवलतीने हिशेबात लक्षणीय फरक पडतो.

अलिबागची आणखी एक अडचण अशी की, तेथे नोकरदार भाडेकरूची स्पर्धा पर्यटकाशी असते. जी खोली शनिवार-रविवारी दिवसाच्या दराने देता येते, ती महिन्याच्या भाड्याने देण्यास मालक सहज राजी होत नाही. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या गावांपेक्षा समुद्रापासून थोडे आत, परंतु पेण मार्गावरील बसथांब्याजवळ घर शोधणे हितकारक ठरू शकते.

कायद्यातील चार टक्के

भाडेवाढीला कायद्याने मर्यादा आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो अंशतः खरा आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठविली होती. गोठलेल्या भाड्यात दुरुस्तीही परवडेना, म्हणून मालकांनी इमारतींकडे पाठ फिरविली. या तरतुदी कालबाह्य झाल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात नमूद केले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अस्तित्वात आला व तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याच्या कलम ११ नुसार घरमालकास भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. दुरुस्ती, सुधारणा आणि वाढीव कर यांपोटी होणाऱ्या वाढीची तरतूद वेगळी आहे.

परंतु ही मर्यादा कायद्याच्या अर्थाने ‘भाडेकरू’ असलेल्यांसाठी आहे. आज पनवेल, उलवे किंवा अलिबाग येथे घर घेणारा बहुतेक वेळा भाडेकरू नसतो, तर लिव्ह अँड लायसन्स कराराखालील परवानाधारक असतो. त्याला घरात राहण्याची केवळ परवानगी असते. त्याने द्यावयाची रक्कम कायद्याच्या भाषेत भाडे नसून परवाना शुल्क असते, आणि दोन्ही पक्षांनी ठरविलेला आकडा हाच तिचा नियम असतो. कलम २४ नुसार मुदत संपल्यावर घर रिकामे न करणाऱ्यास दुप्पट शुल्काइतकी भरपाई द्यावी लागते. म्हणजेच करार चालू असेतो शुल्क एकतर्फी वाढविता येत नाही, पण करार संपताच मालकाच्या मागणीला कोणतीही कायदेशीर मर्यादा उरत नाही.

ही पद्धत का रुजली, हेही समजून घेण्याजोगे आहे. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस घरात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचे संरक्षण मिळाले. ‘एकदा दिलेले घर परत मिळत नाही’ ही मालकांची धास्ती त्यामुळे बळावली. १९९९ च्या कायद्याने ती दूर करण्यासाठी परवान्याला स्पष्ट स्थान दिले. मालकाला घर परत मिळण्याची हमी मिळाली; भाडेवाढीवरील मर्यादा मात्र त्याच दाराने बाहेर गेली.

जगात इतरत्र वेगळी वाट चोखाळलेली दिसते. जर्मनीत चालू करारातील भाडे तीन वर्षांत २० टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही, व टंचाईच्या शहरांत ही मर्यादा १५ टक्के ठेवता येते. भारतात केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठविला. निवासी घरासाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक असू नये, असे त्यात सुचविले आहे. तथापि राज्याने स्वीकारल्याशिवाय तो कोणास बंधनकारक होत नाही.

अकरा महिन्यांची प्रथा

करार अकराच महिन्यांचा का, असे विचारले असता ‘तशीच पद्धत आहे’ असे उत्तर मिळते. या पद्धतीचे मूळ १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्याने सक्तीची केल्यामुळे, नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांचा कागद करण्याची रीत देशभर पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने मुदत कितीही असली तरी लेखी करार व त्याची नोंदणी सक्तीची केली. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदणी नसल्यास अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कारण नाहीसे झाले, तरी प्रथा टिकून राहिली आहे. ती टिकण्यात राहणाऱ्याचा तोटा होतो. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवी भाडेवाढ, नोंदणीचा खर्च आणि कित्येकदा मध्यस्थाची दलाली त्याला सोसावी लागते. वस्तुतः मुद्रांक कायद्यात साठ महिन्यांपर्यंतच्या परवाना करारासाठी सवलतीचा दर आहे. एकूण शुल्क आणि परतफेडीच्या अनामत रकमेवरील दरसाल दहा टक्के रक्कम यांच्या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क आकारले जाते. नोंदणी फी शहरी भागात एक हजार व ग्रामीण भागात पाचशे रुपये आहे. नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. त्यामुळे छत्तीस महिन्यांचा करार करून प्रत्येक वर्षाचे शुल्क त्यातच आकड्यांत लिहिणे सहज शक्य आहे. मालकालाही घर मध्येच रिकामे न राहण्याचा लाभ मिळतो.

खर्चाचा एकत्रित हिशेब

एका गृहीत उदाहरणाने हा मुद्दा स्पष्ट होईल. ‘अ’ हे घर स्थानकापासून पाच मिनिटे चालण्याच्या अंतरावर आहे. त्याचे शुल्क दरमहा १४,००० रुपये असून छत्तीस महिन्यांच्या करारात दरवर्षी ५ टक्के वाढ लिहिलेली आहे. ‘ब’ हे घर स्थानकापासून अडीच किलोमीटरवर आहे. त्याचे शुल्क १२,००० रुपये असून दर नूतनीकरणास १० टक्के वाढ अपेक्षित आहे. घरातील दोघे नोकरीस जातात. शेअर रिक्षाचे प्रत्येकी एका वेळचे २० रुपये धरल्यास पंचवीस दिवसांचे २,००० रुपये होतात. पहिल्या वर्षी दोन्ही घरांचा मासिक खर्च सारखाच, म्हणजे १४,००० रुपये पडतो. दुसऱ्या वर्षी ‘अ’चा खर्च १४,७०० आणि ‘ब’चा १५,२०० रुपये होतो. तिसऱ्या वर्षी हे आकडे अनुक्रमे १५,४३५ व १६,५२० रुपये होतात. सोयीसाठी ‘ब’चे नूतनीकरणही वर्षाने होते असे धरले, रिक्षाचे भाडे तीन वर्षे स्थिर मानले आणि दलाली सोडून दिली, तरी ‘स्वस्त’ घर तीन वर्षांत १९,०२० रुपयांनी महाग पडते.

‘अ’ घराची अनामत ५०,००० रुपये धरली, तर तीन वर्षांच्या कराराचे मुद्रांक शुल्क सुमारे १,४०० रुपये येते. भाडेवाढीतील अनिश्चितता एवढ्या अल्प खर्चात दूर होत असेल, तर तो खर्च टाळणे शहाणपणाचे नाही.

हे उदाहरण उलटही फिरू शकते. घरातील एकच व्यक्ती नोकरीस जात असेल किंवा कामाचे ठिकाण गावातच असेल, तर दूरचे घर परवडू शकते. सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही, परंतु हिशेबाची रीत सर्वांना सारखीच आहे.

घर शोधताना घ्यावयाची दक्षता

१) घराची पाहणी रविवारी दुपारी न करता कामाच्या दिवशी सकाळी करावी. ज्या गाडीने रोज जावयाचे, त्या गाडीने एकदा प्रत्यक्ष प्रवास करावा. जलमार्गावर भिस्त असल्यास पावसाळ्यातील पर्यायी मार्ग आधीच ठरवावा.

२) आज धावणाऱ्या गाडीसाठी पैसे द्यावेत, उद्याच्या आश्वासनासाठी देऊ नयेत. उरणच्या रेल्वेचा खारकोपर ते उरण हा टप्पा पहिल्या टप्प्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळाने चालू झाला. रेवस-करंजा पुलाची चर्चा तर कित्येक वर्षांपासून चालू आहे. जाहिरातीतील ‘लवकरच’ या शब्दाचे भाडे देणे परवडणारे नसते.

३) भाडेवाढ टक्क्यांत व रुपयांत, दोन्ही प्रकारे लिहून घ्यावी. ‘चालू बाजारभावाप्रमाणे’ असा शब्दप्रयोग मान्य करू नये. सोसायटीचा देखभाल खर्च कोणी द्यावयाचा, हेही स्पष्ट करावे. अन्यथा वाढ त्या वाटेने येते.

४) मुदतीपूर्वी घर सोडावे लागल्यास किती दिवसांची सूचना द्यावयाची आणि अनामत रक्कम केव्हा परत मिळावयाची, याचा उल्लेख करारात असावा. मालकानेही मध्येच घर मागू नये, यासाठी ठरावीक काळ दोघांवर बंधनकारक ठेवता येतो.

५) गावठाणातील घरांचा पर्याय वगळू नये. मालक त्याच घरात राहत असल्याने व्यवहार समोरासमोर होतो, मध्यस्थ नसतो आणि चांगला शेजार टिकावा म्हणून वाढीबाबत समजूतदारपणा दाखविला जाण्याची शक्यता असते. मात्र बांधकामाची स्थिती व परवानगी यांची चौकशी करावी आणि ओळखीवर न विसंबता नोंदणीकृत करार करावा. शाळाप्रवेश, गॅसजोडणी व पारपत्र यांसाठी राहण्याचा पुरावा म्हणून तोच उपयोगी पडतो.

६) घर भाड्याने दिल्याची माहिती पोलिसांकडे नोंदविली गेली आहे, याची खात्री करावी. पनवेल व उरण नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या, तर अलिबाग रायगड जिल्हा पोलिसांच्या अखत्यारीत येते.

निष्कर्ष

रायगड किनारपट्टीवर रूळ, पूल आणि विमानतळ बऱ्याच अंशी सार्वजनिक पैशातून व स्थानिकांच्या जमिनीवर उभे राहिले. त्यांच्यामुळे वाढलेल्या मूल्याचा वाटा घरमालकाला भाड्यातून मिळतो. भाडेकरूला मात्र तो वाचलेल्या वेळेच्या व प्रवासखर्चाच्या रूपानेच मिळू शकतो. दरवर्षीच्या अनिर्बंध वाढीत हा वाटाही नाहीसा झाला, तर ज्यांच्यासाठी गाडी सुरू झाली तीच माणसे स्थानकापासून दूर ढकलली जातात. शासनाने दीर्घ मुदतीच्या परवाना करारांना उत्तेजन देणे आणि सार्वजनिक यंत्रणांनी स्थानकांलगत भाड्याची घरे राखून ठेवणे, हे त्यावरील व्यापक उपाय होत. ते होईपर्यंत कुटुंबाच्या हाती एकच साधन उरते : सही करण्यापूर्वी तीन वर्षांचा हिशेब कागदावर मांडणे आणि ठरलेला प्रत्येक आकडा करारात उतरविणे. कायद्यातील चार टक्के परवानाधारकाच्या मदतीला येत नाहीत. त्याच्या मदतीला येतो तो त्याने स्वतः लिहून घेतलेला शब्द.